ठिणगी पडते ती करंट बंद होताना: गाडीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि त्याचं वायरिंग

तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्ये एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. चालू असताना एका गुंडाळीत ऊर्जा साठते. तो बंद झाला की तीच ऊर्जा शेजारच्या गुंडाळीतून बाहेर पडते आणि फोनच्या बॅटरीकडे जाते. घरातल्या २३० व्होल्टचे ५ व्होल्ट होतात ते असे. अंगणात उभ्या असलेल्या मारुती ८०० च्या बॉनेटखाली, किंवा ओम्नी असेल तर पुढच्या सीटखाली, हाच खेळ उलट्या दिशेने चालतो. तिथे बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट होतात आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते.

दोन्हीकडे गंमत एकच आहे. काम होतं ते करंट बंद होण्याच्या क्षणी. बटण दाबलं की करंट जातो आणि ठिणगी पडते, असं बहुतेकांना वाटतं, पण तसं नाही. ठिणगी पडते ती चालू असलेला करंट अचानक तोडल्यामुळे. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की इग्निशनचे सगळे पार्ट, त्यांच्या वायरी आणि बिघाड शोधायची पद्धत आपोआप उलगडत जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बोलेरो, ट्रॅक्टर किंवा कोणतीही डिझेल गाडी असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तिथे दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. आपण बोलतोय पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल.

सपाटीवर नीट, घाटात मिसिंग

एमएच ३७ नंबरच्या जुन्या पेट्रोल गाड्या रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इकडे अजून रस्त्यावर दिसतात. समजा अशीच एक गाडी वाशिमहून अकोल्याला निघाली. मालेगावपर्यंत मस्त, मेडशीपर्यंतही ठीक. पातूरच्या घाटात मात्र झटके खायला लागली. घाट संपला की परत नीट. पेट्रोलमध्ये कचरा आहे म्हणून कार्ब्युरेटर साफ होतो, मग प्लग बदलतात, मग कॉइल, मग डेल्कोची कॅप. दोन-तीन हजार जातात आणि झटके मात्र तसेच राहतात.

घाटातच असं का होतं? चढावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं आणि दाब वाढतो. दाबाखालच्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर बारा-पंधरा हजार व्होल्टमध्ये भागत असेल, तर घाटात त्याहून बरंच जास्त लागतं. कुठे प्लग वायरचं रबर तडकलंय, कॅपमध्ये बारीक भेग आहे किंवा प्लगचा गॅप झिजून वाढलाय, तर वाढलेलं व्होल्टेज प्लगपर्यंत जाण्याऐवजी मधल्या सोप्या वाटेने इंजिनच्या पत्र्यात उतरतं. म्हणजे फक्त चढावर दिसणारं मिसिंग बऱ्याचदा हाय टेन्शन बाजूचं असतं. पेट्रोल कमी पडत असेल तरी चढावर त्रास होतो हे खरं, पण तेव्हा गाडी हळूहळू दम सोडते. ठिणगी चुकते तेव्हा झटका लागतो.

कॉइलमध्ये नेमकं काय होतं

कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावरच्या दोन गुंडाळ्या. पहिली जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, पहिलीच्या साधारण शंभरपट वेढ्यांची. पहिलीतून करंट सोडला की गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. करंट एकदम वर जात नाही, चढायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. पुरेसा चढला की तोडायचा. करंट तुटला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत व्होल्टेज निर्माण करतं. हा मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम. बदल जितका अचानक तितकं व्होल्टेज मोठं. पहिल्या गुंडाळीतच तीन-चारशे व्होल्टचा उसळा येतो, दुसरीत त्याच्या शंभरपट.

आता वेग बघा. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं. ३००० आरपीएमला ते सेकंदाला ५० फेऱ्या मारतं आणि प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणजे सेकंदाला ७५ ठिणग्या. दोन ठिणग्यांच्या मध्ये तेरा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कॉइल भरायची आणि नेमक्या क्षणी तोडायची. हे तोडायचं काम कोण करतं, यावरून इग्निशनचा प्रकार ठरतो. बाकी सगळं तेच राहतं.

'डेल्को' हे नाव कुठून आलं

आपल्याकडे कोणत्याही मेकॅनिकला 'डिस्ट्रिब्युटर' म्हणा, तो क्षणभर बघत राहील. 'डेल्को' म्हणा, लगेच कळेल. हे नाव चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरच्या कंपनीचं. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, तिच्या आद्याक्षरांपासून डेल्को. केटरिंगची बॅटरी, कॉइल आणि पॉइंट वापरणारी पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आली आणि पुढे साठ-सत्तर वर्षं जगभर तीच चालली. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही तीच होती. काळी-पिवळी म्हणून सगळ्यांनी पाहिलेली ही गाडी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतून निवृत्त झाली.

त्या पद्धतीत करंट तोडायचं काम दोन छोट्या धातूच्या टिकल्या करायच्या. त्यांना सीबी पॉइंट म्हणतात. डेल्कोच्या आत फिरणारा कॅम त्या टिकल्यांना ढकलून वेगळं करायचा. चार-पाच अँपिअरचा करंट तोडताना टिकल्यांमध्येही छोटी ठिणगी उडते आणि त्या जळतात. ती ठिणगी दाबायला शेजारी कंडेन्सर असायचा. तरी टिकल्या झिजायच्या, गॅप बदलायचा, त्याबरोबर टायमिंगही सरकायचं. पॉइंट घासून, पत्ती लावून गॅप सेट करणं हे मेकॅनिकचं नेहमीचं काम होतं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनने फक्त एवढंच केलं: टिकल्या काढल्या आणि तिथे ट्रान्झिस्टर बसवला. क्रायसलर कंपनीने १९७३ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांत हे दिलं. ट्रान्झिस्टरला घासणारा भाग नाही, त्यामुळे झीज नाही. पण त्याला 'आता तोड' असं सांगणारं कुणीतरी हवं, म्हणून पिकअप आला.

पिकअप आणि इग्नायटर

पिकअप दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींच्या वायरी मोजल्या तरी फरक कळतो. दोन वायरींचा असेल तर चुंबकवाला. दातेरी चाक त्याच्यासमोरून गेलं की त्याच्या गुंडाळीत स्वतःहून छोटं व्होल्टेज तयार होतं, बाहेरून सप्लाय लागत नाही. याचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर साधारण काहीशे ते हजार-दीड हजार ओहम दिसतो. तीन वायरींचा असेल तर बहुतेक हॉल सेन्सर: एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो, आणि तुमच्या फोनचं फ्लिप कव्हर बंद केलं की स्क्रीन झोपते ती बहुधा याच जातीच्या सेन्सरमुळे. हॉल सेन्सर ओहमवर तपासता येत नाही. तो सप्लाय देऊन, चाक फिरवून आणि सिग्नल वर-खाली होतोय का ते पाहूनच तपासावा लागतो.

पिकअपचा बारीक सिग्नल घेऊन कॉइलचा मोठा करंट तोडतो तो इग्नायटर, म्हणजेच मॉड्यूल. मेकॅनिक त्याला सरळ 'किट' म्हणतात. तो गरम होतो, म्हणून त्याची पाठ धातूवर घट्ट बसलेली असते आणि मध्ये पांढरी थर्मल पेस्ट लावलेली असते. विदर्भाच्या मे महिन्यात, दुपारी, इंजिनशेजारी काय तापमान असेल याचा विचार करा. ती पेस्ट न लावता नवीन मॉड्यूल बसवलं तर ते लवकर जळण्याची शक्यता बरीच वाढते. मोटारसायकलचा सीडीआय मात्र वेगळा. तो आधी कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टला भरतो आणि मग तो कॉइलमध्ये रिकामा करतो. त्याचे पार्ट इथे चालत नाहीत.

वायरिंग: पाच जोडण्या

वायरिंगला हात लावण्याआधी चावी बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह थिंबल काढा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती बघा, इग्निशन नंतर. आणि ज्यांच्या हृदयाला पेसमेकर आहे त्यांनी चालू इग्निशनच्या जवळ थांबू नये.

बॉश किंवा मायको कॉइलवर १५, १ आणि ४ असे आकडे छापलेले असतात. हे जर्मन पद्धतीचे टर्मिनल नंबर आहेत. १५ म्हणजे चावीतून येणारा पॉझिटिव्ह, १ म्हणजे तोडणाऱ्याकडे जाणारी बाजू, ४ म्हणजे मधली हाय टेन्शन वायर. जपानी पद्धतीच्या कॉइलवर सरळ अधिक-उणे असतं.

पहिली जोडणी बॅटरीपासून फ्यूज, चावी आणि तिथून कॉइलच्या १५ ला. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. चावीतून निघणाऱ्या काही वायरी सेल्फ मारताना बंद होतात, कारण तेव्हा रेडिओ-पंख्याचा भार नको असतो. कॉइलला अशी वायर जोडली तर सेल्फ फिरत राहतो, गाडी लागत नाही, आणि चावी सोडताना मात्र एकदा फुर्र करते. लक्षण इतकं ठरलेलं आहे की ऐकूनच निदान होतं. याच्या उलटही एक लक्षण आहे. काही जुन्या गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो, आणि सेल्फ मारताना त्याला वळसा घालून थेट १२ व्होल्ट दिले जातात. गाडी सेल्फवर लागली आणि चावी सोडताच बंद पडली, तर तो रेझिस्टर किंवा त्याची वायर तुटलेली असण्याची दाट शक्यता.

दुसरी जोडणी कॉइलच्या १ पासून इग्नायटरला. टॅकोमीटर असेल तर त्याचीही वायर इथूनच निघते. पॉइंटची गाडी इलेक्ट्रॉनिक करताना जुना कंडेन्सर ठेवायचा की काढायचा हे किटसोबतच्या कागदावर बघा, बहुतेक वेळा काढायचा असतो.

तिसरी इग्नायटरचा अर्थ. ही नुसती वायर समजू नका, कॉइलचा सगळा करंट इथूनच परत जातो. रंगावर किंवा गंजावर स्क्रू पिळला तर अर्थ कच्चा राहतो. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासून मगच पिळा. इंजिनपासून बॉडीपर्यंतची विणलेली अर्थ पट्टीही त्याच वेळी तपासा.

चौथी पिकअपपासून इग्नायटरला. चुंबकवाल्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी गाडी बहुधा सुरू होते, पण टायमिंग विचित्र वागतं, कारण इग्नायटर चुकीच्या क्षणी तोडतो. या दोन वायरी एकमेकींना पिळून आणि प्लग वायरीपासून लांबून न्या.

पाचवी कॉइलच्या ४ पासून डेल्कोच्या मधल्या भोकात आणि तिथून प्लगकडे. प्लगचा क्रम मारुती ८०० ला १-३-२, बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांना १-३-४-२. वायरी काढण्याआधी मोबाइलने तीन-चार बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक वायरला टेप लावून नंबर टाकणं त्याहून चांगलं, पण फोटोही पुरतो.

आणि कॉइलची जोडी जुळवा. पॉइंटच्या जमान्यातली कॉइल तीन ओहमच्या आसपासची, म्हणजे १२ व्होल्टवर चार अँपिअर. इलेक्ट्रॉनिकसाठीची कॉइल बऱ्याचदा एक ओहमपेक्षा कमी असते, कारण करंट किती चढू द्यायचा हे मॉड्यूल ठरवतं. ही कमी ओहमची कॉइल पॉइंटवर लावली तर पॉइंट जळतात, आणि करंट न रोखणाऱ्या साध्या किटवर लावली तर किट जळतं. दुकानात "मारुतीची कॉइल द्या" एवढंच न म्हणता जुनी कॉइल सोबत न्या आणि ओहम मोजूनच घ्या.

शंभर रुपयांचा टेस्ट लॅम्प

डेल्कोच्या गाडीत ठिणगी नसेल तर पार्ट बदलत सुटण्याआधी एक १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या. चावी चालू करून कॉइलच्या १५ वर बॅटरी येते का बघा, आणि सेल्फ मारतानाही टिकते का बघा. नाही टिकली तर दोष चावी, फ्यूज किंवा वायरीचा. कॉइल निर्दोष.

टिकत असेल तर लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, दुसरी कॉइलच्या १ ला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. लॅम्प लुकलुकला तर कुणीतरी करंट जोडतंय-तोडतंय, म्हणजे पिकअप आणि इग्नायटर काम करतायत. दोष पुढे आहे: कॉइल, रोटर, कॅप, वायरी, प्लग. लॅम्प लुकलुकला नाही तर दोष मागे आहे: पिकअप, इग्नायटर किंवा त्याचा अर्थ. दोन मिनिटांत अर्धी यंत्रणा संशयातून बाहेर पडते. लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही चाचणी राहू द्या.

व्हिडिओत दाखवतात तसं चालू इंजिनवर प्लग वायर उपसून हातात धरणं मात्र करू नका. नुसता झटका बसतो एवढंच नाही. झटक्याने हात मागे जातो तो फॅनमध्ये किंवा बेल्टमध्ये. शिवाय ऊर्जेला जायला वाट मिळाली नाही की ती कॉइलचं इन्सुलेशन किंवा मॉड्यूल फोडून वाट काढते. स्पार्क टेस्टर लावा, किंवा जुना प्लग वायरला लावून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या पत्र्याला घट्ट टेकवून ठेवा, मग सेल्फ मारा.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाली की परत लागणारी गाडी असेल तर मल्टिमीटर थंड कॉइल ठीक दाखवेल. तापल्यावर तुटणारी बारीक तार सकाळी सापडत नाही. बंद पडल्याबरोबर, तिथेच, गरम असतानाच मोजायची. गळती शोधायला रात्र बरी: अंधारात इंजिन चालू ठेवा, दुरून मोबाइलने व्हिडिओ घ्या. तडकलेल्या वायरीवरून निळसर ठिणग्या धावताना सरळ दिसतात.

नव्या गाड्यांत डेल्को नाही, मग?

इंधन इंजेक्शनच्या आताच्या गाड्यांत 'आता तोड' हे ईसीयू ठरवतो, क्रँकच्या सेन्सरवरून. बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते. तिच्या पिना मोजा. दोन असतील तर एक बॅटरी आणि दुसरी ईसीयूकडे, इग्नायटर ईसीयूच्या पोटात. तीन असतील तर बॅटरी, अर्थ आणि सिग्नल, इग्नायटर कॉइलच्या डोक्यात. चौथी पिन असलीच तर 'ठिणगी पडली' हे ईसीयूला परत कळवणारी. सिग्नलच्या पिनवर काही व्होल्टचा हलका इशारा येतो. तिथे १२ व्होल्ट दिले किंवा वर सांगितलेला टेस्ट लॅम्प टेकवला तर कॉइल किंवा ईसीयू जाऊ शकतो. टेस्ट लॅम्पची हद्द डेल्कोच्या गाडीपर्यंतच.

इथे फोन कामाला येतो. डॅशबोर्डखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ ॲडॉप्टर खोचा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप जोडा. साधे ब्लूटूथ ॲडॉप्टर बहुधा अँड्रॉइडलाच चालतात. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला बघून घ्या. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर, पी०३०२ दुसऱ्याला. पी०३०० म्हणजे कुठेही, ठरावीक सिलिंडर नाही. पी०३५१ पासूनचे कोड कॉइलच्या वायरिंगचे. पी०३३५ क्रँक सेन्सरचा.

पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०३०१ आला तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल करा आणि गाडी चालवून बघा. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच खराब. पी०३०१ च राहिला तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर बघा. कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, पुसला की त्या वेळची इंजिनची नोंदही जाते. प्लग बदलताना नंबरातलं 'आर' हे अक्षर असलेलाच घ्या. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर असलेला प्लग. तो नसेल तर ठिणगीचा रेडिओ गोंगाट सेन्सरांच्या सिग्नलमध्ये घुसू शकतो.

कारंजा किंवा शेलूबाजारहून समृद्धीवर चढलात, गाडी ताशी शंभरच्या वर आहे आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर तो नुसता पेटलेल्या दिव्यापेक्षा गंभीर आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. कन्व्हर्टर त्या उष्णतेने आतून वितळू शकतो, आणि त्याची किंमत एका कॉइलच्या कितीतरी पट असते. वेग कमी करा, पुढच्या इंटरचेंजला उतरा.

राहिले उंदीर. सोयाबीन घरात आलं की तेही येतात आणि उबदार इंजिनावर मुक्काम करतात. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. उन्हाळ्यात टेपचा चिकटा वितळतो, पावसाळ्यात आत ओल शिरते आणि तांबं हिरवं पडतं. त्याच जाडीच्या वायरीचा तुकडा घ्या, सोल्डर करा किंवा क्रिंप करा, आणि वरून हीट श्रिंक नळी चढवा. क्रँक सेन्सरच्या वायरीवर जाळीचं आवरण असेल तर तेही पुन्हा नीट जोडा, कारण प्लगच्या ठिणग्यांचा गोंगाट त्या सिग्नलपासून लांब ठेवायला ते दिलेलं असतं.